मुरूम पास

दुरुस्त झालेली सायकल उस्ताद गिऱ्हाइकाच्या हातात थेट कधी देत नसत. आधी सीटला आणि हँडलला धरून ती वीतभर उचलायचे आणि सोडून द्यायचे. सायकल जमिनीवर आपटली की मान तिरकी करून ऐकत राहायचे. घंटी टिणकायची, मडगार्ड थरथरायचं, साखळी सळसळायची. हे सगळं विरून गेलं की म्हणायचे, "हां. हितं तर बरी बोलायली. पन डांबरावर समद्याच सायकली शहाण्या असत्यात. रविवारी मुरमावर बगू, मग घिऊन जावा."

तुमच्यापैकी जे कुणी त्या दिवसांत बारावीसाठी लातूरला येऊन राहिले असतील, त्यांनी हे वाक्य ऐकलं असणार. कदाचित वैतागलेही असाल. शनिवारी सायकल तयार आहे, समोर उभी आहे, आणि हा माणूस म्हणतो सोमवारी या. पण सोमवारी मिळालेली सायकल वर्षभर कुरकुरत नसे, हेही तुम्हाला आठवत असेल.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. सगळं शहर त्यांना उस्तादच म्हणायचं, आणि पुढे जे सांगायचं आहे त्यात नाव घेण्याचा हक्क मला उरलेला नाही, असं मला वाटतं.

मी मूळचा मुखेडचा. लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला आलो तेव्हा गल्लीगल्लीत क्लास निघत होते. खाली किराणा, वर क्लास, त्याच्यावर मुलांची होस्टेलं. ज्या घरात दोन खोल्या रिकाम्या होत्या त्यात चार मुलं राहायची, आणि प्रत्येक मुलामागे एक सायकल. उस्तादांचं दुकान आमच्या क्लासच्या समोर होतं. दुकान कसलं, पत्र्याची टपरी, पुढे लिंबाचं झाड आणि झाडाला टांगलेले टायर. उंचीने ते बुटके, अंगात निळा शर्ट, दाढी पांढरी पण मेंदीने अर्धी लाल, आणि कानावर कायम एक स्पोक. कान खाजवायला तो, चहा ढवळायलाही तोच.

मुलांना ते नावाने ओळखत नसत, सायकलीवरून ओळखत.

"ती उदगीरची पोरगी, पुढच्या ब्रेकची रबरं खाऊन टाकनारी, ती हुईल बगा डॉक्टर," असं त्यांनी मला एकदा सांगितलं.

"ब्रेकवरून कसं कळलं, उस्ताद?"

"उशिरा निगत्ये, मंजे शेवटच्या मिनटापतुर वाचत बसत्ये. मग गल्लीतनं सुसाट येत्ये आन क्लासच्या दारात कचकन ब्रेक लावत्ये. आन ती तुमची हुशार म्हून फळ्याजवळ बसवलेली पोरं, त्यांची रबरं नवीच्या नवी. आरामात येत्यात. लई विश्वास हाय त्यांना सोतावर."

निकाल लागल्यावर मी मुद्दाम ताडून पाहिलं. ती उदगीरची मुलगी मेडिकलला गेली. फळ्याजवळच्या मुलांबद्दल मी उस्तादांना काही सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. फक्त स्पोकने चहा ढवळत हसले.

आता त्या रविवारांबद्दल सांगतो.

आठवडाभरात दुरुस्त झालेल्या सायकली रविवारी सकाळी मुरमावर न्यायच्या, हा उस्तादांचा नियम. एकट्याने सहा-सात सायकली नेणार कशा? म्हणून त्यांनी गल्लीतली रिकामी माणसं गोळा केली होती. सरकारी दवाखान्यात रक्त तपासणारे कांबळे, एक पोस्टातले, दोन-तीन दुकानदार आणि मी. सहा वाजता निघायचं. गावाबाहेर डांबर सोडून पाणंदीला लागायचं, तिथून मुरमाचा चढ धरून बालाघाटाच्या पठारावर. पठारावर व्यंकटरावांची द्राक्षबाग. तिथे चहा आणि विश्रांती. मग पलीकडच्या अंगाने वन खात्याच्या जंगलातून खडीच्या वाटेने उतरायचं आणि वळसा घालून परत. चढताना ज्याच्याकडे जी सायकल असेल ती त्याने उतरताना घ्यायची नाही, दुसऱ्याला द्यायची. "एका सायकलीला दोन मानसांचे कान लागत्यात," असं उस्तादांचं म्हणणं. चढ निर्वेध पार पडला की चढवणाऱ्याने मागच्या मडगार्डवर खडूने एक रेघ मारायची. उतार झाला की दुसरी. दोन रेघा म्हणजे मुरूम पास. खडू माझ्या खिशातले, क्लासचे.

हे दृश्य तुम्ही डोळ्यांसमोर आणा. सायकली बहुतेक मुलींच्या, कारण मुली वेळेवर दुरुस्त करून घेत. म्हणजे गुलाबी, जांभळ्या, पुढे वेताची बास्केट, चाकाला मणी, मडगार्डवर देवाचं नाव नाहीतर 'ऑल द बेस्ट'. त्यांच्यावर आम्ही पोटं सुटलेली माणसं, गुडघे हँडलला आपटत, मुरमाचा लाल धुरळा उडवत एका ओळीत चाललोय. पाणंदीच्या कडेला शेळ्या राखणाऱ्या बायका उठून बघायच्या.

"कुटं लगीन हाय का वो?" एकीने विचारलं होतं.

"लगीन न्हाई माय, परीक्षा हाय," उस्ताद पुढून ओरडले.

एकदा गावात शिरतानाच माझी एक विद्यार्थिनी समोर आली. मी तिच्याच सायकलवर. बास्केटमध्ये व्यंकटरावांनी दिलेली द्राक्षं. ती बघतच राहिली. "सर, ही माझी..." मी खाली उतरलो. उस्ताद मागून आले आणि म्हणाले, "बेटा, तुझ्या सायकलची परीक्षा सर घ्यायलेत. तुझी तू दे." सोमवारी वर्गात न्यूटनचा नियम सांगताना पहिले तीन बाक हसत होते.

या परीक्षेचा उगम मात्र हसण्यासारखा नव्हता. तो उस्तादांनी मला एकदाच सांगितला, चढावर दम खायला थांबलो असताना.

भूकंपाच्या साली गावं पडल्याची बातमी आली तशी त्यांच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी भाकरी थापायला घेतल्या. रस्त्यांवर गाड्यांची रीघ लागलेली, पुढे जाता येईना. उस्ताद म्हणाले, सायकली शेताच्या वाटेने जातील. दुकानात दुरुस्त होऊन उभ्या असलेल्या बारा सायकली त्यांनी काढल्या, कॅरिअरला भाकरीची गाठोडी आणि पाण्याचे कॅन बांधले, आणि मोहल्ल्यातली बारा माणसं निघाली. पाणंदीला लागल्यावर तासाभरात पहिलं पेडल निखळलं. मग कुणाचं चाक वाकडं झालं, कुणाची साखळी तुटली. पाच सायकली वाटेतच बसल्या.

"समद्या म्या सोताच्या हातानं बसवलेल्या सर. आन समद्या डांबरावर चालवून बगितलेल्या. मानसं गाठोडी डोक्यावर घिऊन चालत गेली. चार घंटे उशीर. तितं एक म्हातारी दगडावर बसलेली. पानी पिली. मला म्हनली, बाबा, लांबून आलास का? म्या काय सांगू तिला? सायकल मोडली म्हून?"

एवढं बोलून त्यांनी पेडलवर पाय ठेवला. 

पण पठारावर पोचलो तसे ते पुन्हा पहिल्यासारखे झाले. व्यंकटराव म्हणजे पन्नाशीचे शेतकरी, नव्या गोष्टींचा भारी शौक. एका वर्षी त्यांनी बागेच्या कडेला चार ओळी वेगळ्या द्राक्षांच्या लावल्या. मणी बारीक, काळेभोर, आत बिया. उस्तादांनी घोसच्या घोस तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं.

"ही कसली वो व्यंकटराव? खायच्या कामाची न्हाईत."

"खायची नाहीतच उस्ताद. वाईनची आहेत. नाशिकहून काड्या आणल्या."

उस्ताद थबकले. "तौबा, तौबा!" करून त्यांनी चूळ भरली. मग थोडा विचार करून म्हणाले, "पन आत्ता तर द्राक्षच हाय नव्हं? दारू व्हायच्या आदी खाल्ली तर काय गुन्हा न्हाई?"

कांबळेंनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "काही नाही. आंबवल्याशिवाय दारू होत नाही."

उस्तादांचं समाधान झालं. तरी उतारावर अर्ध्या वाटेत ते थांबले, झाडाला धरून उभे राहिले. ऊन मी म्हणत होतं. "कांबळेभाऊ, मला गरगरायलंय. खरं सांगा, पोटात जाऊन आंबली तर न्हाईत?" आम्ही इतके हसलो की जंगलातला एक मोर ओरडून उडाला. त्यानंतर त्या चार ओळींजवळून जाताना ते सायकलचा वेग वाढवायचे.

ते जंगल काही मोठं नव्हतं. साग, धावडा, खैर, खाली घाणेरीची जाळी. पण फेब्रुवारीत सागाची पानगळ झाली की खडीवर पानांचा थर पडायचा आणि चाकाखाली कुरकुर वाजायचं. उस्तादांना हे आवडत नसे. "पानं बोलायल्यावर सायकल ऐकू येत न्हाई," म्हणायचे. पुढे थांबून हाताने पानं बाजूला करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. इतकी वर्षं ते टाळलं. मी मुळात बोलका नाही. वर्गात बोलतो ते पोटासाठी. पण हे न बोलण्याला स्वभाव म्हणता येणार नाही.

तो फेब्रुवारीतलाच रविवार होता. माझ्याकडे एक हिरवी सायकल आली, नवीन हँडल बसवलेली. आदल्या दिवशी मी सात तास शिकवलं होतं, घसा बसला होता, पाय दुखत होते. बाकीचे पुढे निघून गेले. चढाच्या पायथ्याला व्यंकटरावांचा ट्रॅक्टर मागून आला, ट्रॉलीत द्राक्षांचे रिकामे क्रेट. ड्रायव्हर म्हणाला, "सर, बसा की. सायकल टाका वर."

मी टाकली. क्रेटच्या मधे रद्दी कागदांवर आडवा झालो आणि आभाळ बघत पठारावर गेलो. इतरांचा चढाचा रस्ता वेगळा, ट्रॅक्टरचा वेगळा. बागेच्या अलीकडच्या वळणावर उतरलो, पँटला मुरमाची माती चोळली, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं आणि धापा टाकत पोचलो. मागच्या मडगार्डवर खडूने रेघ मारली. छान, सरळ रेघ. फळ्यावर अक्ष काढतो तशी.

"कशी हाय हिरवी?" उस्तादांनी विचारलं.

"एकदम झकास," मी म्हणालो.

"मग उताराला मीच घेतो," ते म्हणाले.

मी तेव्हाही बोललो नाही. खरं सांगतो, मला धोका वाटलाच नाही. उस्तादांनी कसलेलं हँडल, त्याला काय होणार? जंगलातल्या दुसऱ्या वळणावर हँडल वळलं, चाक वळलं नाही. उस्ताद सरळ घाणेरीत गेले. आम्ही धावलो तेव्हा ते काट्यात बसून होते, उजवा हात मनगटातून वेडावाकडा. हाताकडे ते बघत नव्हते, सायकलकडे बघत होते.

"बोल्ट ढिला," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "तुमी चढावर चालवलाव न्हवं सर?"

"हो."

"कायबी खडखड न्हाई आली?"

"नाही."

कांबळेंनी त्यांचा हात रुमालाने बांधला. व्यंकटरावांच्या त्याच ट्रॅक्टरमधून आम्ही त्यांना खाली आणलं. उस्ताद वाटेत दोनदा म्हणाले, "मुरमावरनं पास हून आली, तरी सुटली." त्यांना मनगटापेक्षा हे जास्त लागलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

प्लास्टर निघालं. मनगट थोडं वाकडं राहिलं, पण पाना धरता येत होता. तरी उस्तादांनी दुकान उघडलं नाही. लोक म्हणायचे, वय झालं, हात गेला. ते स्वतःही तेच सांगायचे. मला एकट्याला मात्र त्यांनी वेगळं सांगितलं, घरी भेटायला गेलो तेव्हा. "सर, हात हाय. भरोसा गेला. हात चुकतो, ते मला ठाव हाय, म्हून तर मुरूम ठेवला होता. आता मुरमानंबी सांगितलं न्हाई. मंजे म्या बसवलेली सायकल कशात चुकली, हे कळायचा रस्ताच न्हाई. हिच्यावर कुनाची पोरगी बसली असती तर?"

मी समोर बसून चहा पीत होतो. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी बिस्किट बुडवलं.

का नाही सांगितलं? गल्लीत माझी अब्रू होती, क्लासच्या बोर्डावर माझा फोटो होता, मुलं पाया पडत. आळस कबूल करायला लाज वाटली, आणि पहिल्या दिवशी वाटली ती दुसऱ्या दिवशी दुप्पट झाली. टपरीच्या जागी झेरॉक्सचं दुकान आलं. उस्ताद मुलीकडे, नसरीनकडे, धर्माबादला राहायला गेले. मुलं स्कूटीवर येऊ लागली. रविवारी सकाळी कांबळे आणि मी रस्त्यात भेटलो तर एकमेकांना हात करायचो, बस.

चार वर्षं गेली. एका रविवारी मी नांदेडला आलो, तिथून गाडी पकडली, मुदखेड मागे पडलं आणि दुपारी धर्माबादला उतरलो. ठरवून गेलो होतो असं म्हणणार नाही. मुदखेडला उतरून परत फिरावं असं दोनदा मनात आलं.

नसरीनच्या नवऱ्याचं मिरचीचं दुकान. दाराबाहेर लाल मिरचीची पोती, आत लाल मिरचीची पोती, आणि त्यांच्या मधोमध खुर्चीवर उस्ताद, तोंडाला रुमाल बांधून. दाढीची मेंदी गेलेली. मला पाहून उठले आणि शिंकले. मी नमस्कार केला आणि शिंकलो. "बसा की वो सर," ते म्हणाले, आणि पुन्हा शिंकले. "चार सालं झाली, अजून सवय व्हईना. जावई म्हनतो, काय करू नका, नुसतं बसा. शिंकायचं काम तेवढं हाय मला."

हसण्याच्या भरात मी सांगून टाकलं. मधे शिंका येत होत्या म्हणून तुकड्या-तुकड्यांनी. ट्रॅक्टर. क्रेट. वळण. पँटला चोळलेली माती. रेघ.

त्यांनी रुमाल खाली ओढला. पहिला प्रश्न माझ्या अपेक्षेबाहेरचा होता.

"ट्रॅक्टर कंच्या वाटेनं गेला?"

"बागेच्या मागच्या."

"ट्रॉलीत सायकल उभी व्हती का आडवी?"

"आडवी."

"मंजे चाक जमिनीला लागलंच न्हाई?"

"नाही."

"सबंद चढ?"

"सबंध चढ, उस्ताद."

 ते उभे राहिले, आणि त्यांचा आवाज एवढा चढला की आतून नसरीन बाहेर आली. "चार सालं! चार सालं म्या पान्याला हात लावला न्हाई सर! ह्या मिरचीत बसून म्या माझेच हात बगत बसलो! आन तुमी तितं फळ्यावर..." पुढे त्यांना शिंक आली. शिंक ओसरल्यावर ते खालच्या आवाजात म्हणाले, "मंजे मुरमावर गेलीच न्हाई ती. गेली असती तर बोलली असती."

"हो. बोलली असती."

"बोलल्याबिगर ऱ्हायलीच नसती."

"नाही."

नसरीन माझ्याकडे रागाने बघत होती. "अब्बा, पानी पिओ," ती म्हणाली. त्यांनी पाणी घेतलं नाही. "सर," ते म्हणाले, "म्या तुमाला माफ करनार न्हाई. आज तर न्हाईच. पुढचं म्हाईत न्हाई."

मी मान हलवली. मागायला काहीच नव्हतं. मी गाडीची वेळ विचारायला म्हणून बाहेर आलो तर तेही मागून बाहेर आले, पण माझ्यासाठी नाही. दुकानाच्या भिंतीला एका हमालाची काळी जुनाट सायकल टेकलेली होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलं, मग तिच्यामागून फिरून पाहिलं.

"अरे मल्लन्ना, पाना हाय का तुज्याकडं?"

हमाल पोत्यावरून उठला. "हाय की. काय करताव चाचा? चांगली चालायली ती."

"चांगली म्हनं. मागचं चाक बग तुजं, भात्यासारकं हलायलंय."

उस्ताद आता नाहीत. त्या दुपारनंतर आमची भेट झाली नाही. नसरीनच्या घरासमोर त्यांनी पुन्हा दोन वर्षं सायकली दुरुस्त केल्या, एवढं मला कांबळेंकडून कळलं. त्यांनी मला माफ केलं का, हे कळलं नाही, आणि कांबळेंना विचारायचं मला धाडस झालं नाही.

पण ती दुपार मला जशीच्या तशी दिसते. मल्लन्नाची सायकल रस्त्यात उलटी उभी, उस्ताद तिच्यापुढे उकिडवे, वाकड्या मनगटात पाना, जीभ दातांत धरलेली. मल्लन्ना काळजीने म्हणतोय, "चाचा, मला घरी जायचंय," आणि ते त्याला, "जाशील रं. नीट जाशील." मी काही मदत करता येईल का म्हणून जवळ गेलो, वाकलो. माझी सावली चाकावर पडली. त्यांनी वर पाहिलं नाही.

"सर," ते म्हणाले, "सरका जरा. उजेड येऊ द्या."